मॅक अँड चीजचं माप कुठे घ्यायचं?

पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ५१ स्त्री-पुरुषांना आठवड्यातून एकदा, असे चार आठवडे, दुपारच्या जेवणाला बोलावलं. जेवायला मॅकरोनी अँड चीज. हवं तेवढं खा, नको असेल ते ठेवून द्या, बंधन काही नाही. फक्त समोर येणारं प्रमाण दर आठवड्याला वेगळं होतं: ५०० ग्रॅम, ६२५, ७५० किंवा पूर्ण एक किलो. सर्वांत मोठं प्रमाण समोर असताना लोकांनी सर्वांत लहान प्रमाणाच्या तुलनेत ३० टक्के जास्त ऊर्जा पोटात घातली, म्हणजे साधारण १६२ कॅलरी. यात नवल वाटण्यासारखं फार नाही. गंमत पुढे आहे. पोट किती भरलं असं विचारल्यावर चारही वेळची उत्तरं जवळपास सारखीच आली. आणि सगळं संपल्यावर ‘प्रमाण बदलत होतं हे लक्षात आलं का?’ या प्रश्नाला निम्म्याहून कमी लोक हो म्हणाले. एक किलो आणि अर्धा किलो यांतला फरक!

तुम्ही म्हणाल, ताटली भरून समोर ठेवली तर माणूस खाणारच. आपल्या हाताने वाढून घेतलं असतं तर बेतानेच घेतलं असतं. संशोधकांनी तेही तपासलं होतं. एका गटाला भरलेली ताटली मिळत होती. दुसऱ्या गटासमोर मोठं भांडं ठेवलेलं असे आणि ज्याने त्याने वाढून घ्यायचं असे. तिथे भांड्यातलं एकूण प्रमाण बदलत होतं. निष्कर्ष दोन्हीकडे तोच आला. भांड्यात जास्त असलं की हात जास्त वाढतो आणि पोट तक्रार करत नाही.

या प्रयोगाला वीस वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी आपल्याला मिळणारा सल्ला मात्र ‘प्रमाणात खा’ हाच आहे. त्या सल्ल्यात प्रमाण तेवढं नसतं. शिवाय तो गृहीत धरतो की जेवताना आपल्याला प्रमाण कळतं, आणि नेमकं तेच कळत नाही. माझं म्हणणं असं, की मॅक अँड चीज टेबलावर आलं तोवर उशीर झालेला असतो. किती खाल्लं जाणार हे त्याआधी, शेगडीपाशी ठरतं, आणि ते दोन आकड्यांनी ठरतं: पातेल्यात कोरडी मॅकरोनी किती ग्रॅम पडली, आणि तयार पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये कॅलरी किती. मनोनिग्रहाचा वाटा यात फार थोडा.

एवढा ऊहापोह मॅक अँड चीजचा का, हे अमेरिकेत राहणाऱ्या मराठी आईबापांना सांगायला नको. डे-केअरपासून हे प्रकरण घरात शिरतं. मंडळाच्या गणपतीत मोठ्यांसाठी मसालेभात आणि जिलबी, आणि बाजूच्या टेबलावर ‘किड्स मेनू’ म्हणून पिझ्झा नाहीतर मॅक अँड चीज. घरी संध्याकाळी सहाला दमूनभागून आल्यावर निळा डबा उघडला की दहा मिनिटांत काम होतं. (हा निळा डबा १९३७ चा, मंदीच्या काळातला, त्याचा खप दुसऱ्या महायुद्धातल्या रेशनिंगमध्ये वाढला. थकलेल्या आणि काटकसरी घरांसाठीच तो जन्माला आला होता, त्यामुळे त्याला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही.) मुलं अर्धं खातात. उरलेलं अर्धं, टाकायचं नाही म्हणून, कोण संपवतं ते आपल्याला माहीत आहे.

त्या डब्यावर ‘सर्व्हिंग’ छापलेलं असतं. नेहमीचा डबा २०६ ग्रॅमचा, आणि त्यात साधारण तीन सर्व्हिंग. बहुतेकांचा समज असा असतो की सर्व्हिंग म्हणजे कुणा तज्ज्ञाने ठरवलेलं योग्य प्रमाण. तसं ते नाही. अमेरिकेच्या १९९० च्या लेबल कायद्यानुसार सर्व्हिंग म्हणजे लोक एका बसणीला साधारणपणे जेवढं खातात तेवढं. तो सल्ला नाही, निरीक्षण आहे. म्हणूनच २०१६ साली एफडीएने लेबलचे नियम बदलले तेव्हा आइस्क्रीमचं सर्व्हिंग अर्ध्या कपावरून दोनतृतीयांश कपावर गेलं. आइस्क्रीम पौष्टिक झालं नव्हतं. लोक जास्त खायला लागले होते. कोरड्या पास्त्यासाठी एफडीएचा संदर्भ आकडा ५५ ग्रॅम आहे. तो लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आपल्यासाठी हे जास्त महत्त्वाचं का, ते पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या एका फोटोमुळे पटकन समजतं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी स्वतःचाच शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखा, २२.३. म्हणजे वजनकाट्याच्या भाषेत दोघेही सडपातळ. शरीरातल्या चरबीचं प्रमाण मात्र युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिकांचं २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीयुक्त अशी आपली ठेवण. तिची मुळं गर्भातल्या पोषणापर्यंत जातात, असं याज्ञिकांचं पुण्याजवळच्या खेड्यांतलं काम सांगतं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांची मधुमेहासाठी तपासणी बीएमआय २५ ऐवजी २३ पासूनच करावी असं म्हटलं, ते अशाच पुराव्यांवरून. शेजारच्या घरातल्या गोऱ्या कुटुंबाला जी वाटी चालून जाते ती आपल्याला तितकीच चालेल, असं धरून चालता येत नाही.

‘मग ते परकं अन्न सोडूनच द्या की. पोळी-भाजी खा.’ हा सल्ला भारतातून व्हिडिओ कॉलवर दर आठवड्याला येतो. पोळी-भाजीबद्दल वाद नाही. पण सरसकट ‘आपलं ते हलकं’ हे मला मान्य नाही. साबुदाण्याची खिचडी घ्या. साठ ग्रॅम कोरडा साबुदाणा, पंचवीस ग्रॅम दाण्याचं कूट, चमचाभर तूप, थोडा बटाटा: बशीभर खिचडी पाचशे कॅलरींच्या आसपास जाते आणि प्रथिनं जेमतेम सात-आठ ग्रॅम, तीही जवळजवळ सगळी दाण्यांची. वर तो उपास. बेताने केलेलं मॅक अँड चीज याहून कितीतरी बरं ठरू शकतं. पदार्थाचा पासपोर्ट बघून कॅलरी मोजता येत नाहीत.

बेताने म्हणजे कसं? इथे दुसरा आकडा कामाला येतो, ऊर्जेची घनता. माणूस एका जेवणात साधारण ठरावीक वजनाचं अन्न खातो आणि त्या वजनात कॅलरी किती आहेत याकडे शरीराचं तत्काळ लक्ष नसतं. रोल्स यांच्याच गटाने २०११ साली हे तपासताना पुन्हा मॅक अँड चीज वापरलं. ४१ प्रौढांच्या दिवसभराच्या जेवणात भाज्यांचा बारीक लगदा गुपचूप मिसळला: ब्रेडमध्ये, मॅक अँड चीजमध्ये, चिकन-भातात. लगद्यामुळे पदार्थाची घनता एकदा मूळच्या ८५ टक्क्यांवर आणली, एकदा ७५ टक्क्यांवर. लोकांनी वजनाने तेवढंच खाल्लं, पण दिवसभरात पहिल्या वेळी सुमारे २०० आणि दुसऱ्या वेळी सुमारे ३५० कॅलरी कमी गेल्या. भुकेत फरक पडला नाही. प्रमाण लहान करण्यापेक्षा ही युक्ती मला जास्त पटते, कारण यात कुणी उपाशी उठत नाही.

आकडेमोड करून बघू. पारंपरिक घरगुती कृती चार जणांसाठी अशी असते: २२५ ग्रॅम मॅकरोनी, तेवढंच चेडर, तीन मोठे चमचे लोणी, तीन चमचे मैदा, दोन कप पूर्ण स्निग्धांशाचं दूध. एकूण २४०० कॅलरींच्या पुढे; माणशी सुमारे ६००, त्यात संपृक्त मेद १८ ग्रॅमच्या आसपास. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या हिशेबाने २००० कॅलरी खाणाऱ्याने दिवसभरात १३ ग्रॅमपर्यंतच थांबायचं असतं. एका वाटीत दिवस संपला.

आता दुसरी कृती: २०० ग्रॅम मॅकरोनी, म्हणजे माणशी ५० ग्रॅम, एफडीएच्या ५५ च्या किंचित अलीकडे. १२० ग्रॅम चेडर. एक टक्का स्निग्धांशाचं २०० मिलिलिटर दूध. ४०० ग्रॅम फ्लॉवर. लोणी नाही, मैदा नाही. एकूण १४०० च्या आसपास. माणशी ३५० कॅलरी, सतरा ग्रॅम प्रथिनं, संपृक्त मेद सहा ग्रॅम. वजन मात्र दोन्हीकडे माणशी पावणेतीनशे ते तीनशे ग्रॅमच भरतं. वाटी तेवढीच दिसते, तेवढीच भरते.

यात मी कमी स्निग्धांशाचं चीज घेतलेलं नाही याकडे लक्ष द्या. ‘लाइट’ कृतींमध्ये पहिली सूचना तीच असते आणि तिथेच पदार्थ फसतो. मी प्रथिनांवर काम करते, त्यामुळे यावर चार वाक्यं जास्त बोलेन. चीज म्हणजे केसीन या प्रथिनाचं जाळं. त्याचे धागे कॅल्शियम आणि फॉस्फेटने एकमेकांना बांधलेले, आणि मधल्या फटींत मेदाचे थेंब अडकलेले. गरम केल्यावर आधी मेद वितळतो, मग जाळं सैल होतं आणि चीज वाहू लागतं. मेद काढून घेतला तर फटी कमी आणि धागे दाट; असं चीज वितळण्याऐवजी रबरासारखं ताणतं. पूर्णपणे मेदविरहित चीजचं तर काय करावं हे मला अजून सुचलेलं नाही. चव मेदात आणि मुरण्यात असते. वर्षभर मुरलेल्या चेडरमध्ये प्रथिनं आणि मेद यांचे छोटे तुकडे सुटे झालेले असतात आणि जिभेला कळतात ते हे तुकडेच. म्हणून कमी मेदाचं पाव किलो घेण्यापेक्षा ‘एक्स्ट्रा शार्प’ चेडर निम्मं घ्या.

पूर्ण स्निग्धांशाच्या चीजची अडचण दुसरी. ते नुसतं दुधात ढवळून तापवलं की थोड्या वेळाने धागे आवळतात, मेद बाहेर फेकला जातो, आणि वर तेल, खाली गुठळ्या असा प्रकार होतो. पारंपरिक कृतीत लोणी-मैदा परतून घालतात तो यासाठी. मैद्यातला स्टार्च दुधात फुलतो आणि थेंबांना एकत्र येऊ देत नाही. पण याच कामासाठी जवळजवळ शून्य कॅलरींचा एक मार्ग आहे: सोडियम सायट्रेट. स्वित्झर्लंडमध्ये १९११ साली वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी प्रोसेस्ड चीज बनवताना हेच वापरलं होतं. सायट्रेट धाग्यांमधलं कॅल्शियम पकडून घेतं. बांधणी सुटते, केसीन पाण्यात मिसळू लागतं आणि स्वतःच मेदाच्या थेंबांना धरून ठेवतं. सॉस गुळगुळीत होतो आणि दुसऱ्या दिवशी गरम केला तरी फुटत नाही.

हे रसायन विकत आणायची गरज नाही. ढोकळ्यासाठी आणलेलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, आणि खायचा सोडा तुमच्या फडताळात असणारच. दोन्ही पाण्यात एकत्र केले की फसफसून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे सोडियम सायट्रेट राहतं. ईनोच्या पुडीत हीच जोडी असते. वजनाने तीन भाग सायट्रिक ॲसिडला चार भाग सोडा लागतो. आपल्या कृतीसाठी अर्धा टीस्पून सोडा आणि अर्ध्याहून जरा कमी सायट्रिक ॲसिड पुरे. एकच खबरदारी: हे मिश्रण आधी पाव कप पाण्यात करा आणि फेस पूर्ण बसू द्या. ॲसिड थेट गरम दुधात टाकलंत तर मॅक अँड चीजऐवजी पनीर मिळेल. यातून माणशी सुमारे दीडशे मिलिग्रॅम सोडियम जातं आणि चेडरमधून आणखी दोनशे, म्हणून सॉसमध्ये वेगळं मीठ घालू नका. एवढा खटाटोप नको असेल तर प्रोसेस्ड चीजची एक स्लाइस टाका. त्यात अशी क्षारं असतात आणि ती बाकीच्या चीजलाही सांभाळून घेतात.

बाकी कृती सरळ आहे. फ्लॉवरचे तुरे अगदी मऊ शिजवून दुधाबरोबर मिक्सरमधून गंधासारखे वाटा. दाणेदार राहिलं तर लक्षात येतं, त्यामुळे इथे घाई नको. अर्ध्या फ्लॉवरच्या जागी बटरनट स्क्वॉश, म्हणजे आपल्या लाल भोपळ्याचा भाऊबंद, घेतला तर रंगही येतो. हे वाटण पातेल्यात घालून त्यात सायट्रेटचं पाणी ओता, वाफ येईपर्यंत तापवा, आच मंद करा आणि किसलेलं चेडर मूठमूठ घालत ढवळा. पाव चमचा मोहरीची पूड, मिरपूड, जायफळाचं बोट, चिमूटभर हळद. हळदीला नाक मुरडू नका. क्राफ्टने डिसेंबर २०१५ पासून कृत्रिम पिवळे रंग काढून पॅप्रिका, ॲनाटो आणि हळदच घातली आहे, आणि बराच काळ कुणाच्या लक्षातही आलं नाही. मॅकरोनी पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी उतरवा, कारण ती सॉसमध्ये आणखी पाणी पिते. किसलेलं तयार चीज शक्यतो नको. ते चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं.

शाकाहारी घरांसाठी दोन वाक्यं. चीजमधलं रेनेट वासराच्या जठरातून येतं म्हणून अनेकांकडे चीज वर्ज्य असतं. पण १९९० साली एफडीएने जनुकीय तंत्राने सूक्ष्मजीवांकडून बनवलेल्या कायमोसिनला परवानगी दिली आणि आज अमेरिकेतलं बहुतेक चेडर त्यावरच बनतं. पाकिटावर ‘मायक्रोबियल’ किंवा ‘व्हेजिटेरियन’ रेनेट लिहिलंय का तेवढं बघा. आणि दूध पचत नाही म्हणून घाबरणाऱ्यांसाठी: मुरलेल्या चेडरमध्ये लॅक्टोज नाममात्र उरतं. या कृतीत ते आहे ते दुधात, तेव्हा लॅक्टोजविरहित दूध घेतलं की झालं.

आता वाढण्याकडे येऊ. ‘लहान ताटली घ्या, कमी खाल’ हे तुम्ही शंभरदा वाचलं असेल. या विषयातलं सर्वांत गाजलेलं नाव होतं कॉर्नेलच्या ब्रायन वान्सिंक यांचं. २०१८ साली ‘जामा’ समूहाच्या नियतकालिकांनी एकाच वेळी त्यांचे सहा शोधनिबंध मागे घेतले, विद्यापीठाच्या चौकशीत गैरवर्तन आढळलं, आणि त्यांनी राजीनामा जाहीर केला. एका संशोधकाचं काम कोसळलं म्हणून कल्पना आपोआप खोटी ठरत नाही, हेही खरं. पण रोल्स यांनी २००७ साली वेगवेगळ्या आकाराच्या ताटल्या देऊन पाहिल्या तेव्हा खाण्यात फरक पडला नव्हता. लोक पुन्हा वाढून घेतात, दुसरं काय! याउलट समोरच्या अन्नाच्या प्रमाणाचा परिणाम अनेकांनी अनेकदा पडताळला आहे. एका प्रयोगात ११ दिवस दीडपट प्रमाणं दिली, तर लोकांनी ११ दिवस रोज सुमारे चारशे कॅलरी जास्त खाल्ल्या. पाचव्या-सहाव्या दिवशी शरीराने हिशेब चुकता केला, असं काही घडलं नाही. तेव्हा नव्या ताटल्यांवर पैसे घालवण्यापेक्षा पंधरा डॉलरचा वजनकाटा घ्या.

आणि एक जुनी सवय इथे चालू करा. आपल्याकडे सकाळी स्वयंपाक झाला की आधी डबे भरले जातात, मग घरातल्यांची पानं वाढली जातात. मॅक अँड चीजचं तसंच करा. उद्यासाठी ठेवायचं असेल ते गरम असतानाच, कुणी जेवायला बसायच्या आधी, डब्यात भरून बाजूला काढा. मोठं पातेलं टेबलाच्या मधोमध ठेवू नका. पेन स्टेटच्या त्या दुसऱ्या गटासमोर तेच तर ठेवलं होतं. टेबलावर जागा झाली तिथे काकडीची कोशिंबीर किंवा वाफवलेली ब्रोकोली येऊ द्या, आणि ती आधी येऊ द्या.

हे सगळं मोठ्यांपुरतं. मुलांच्या बाबतीत वजनकाटा कपाटात ठेवा, असं माझं ठाम मत आहे. मुलांना मोजूनमापून कॅलरी द्यायच्या नसतात, आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळाला एक टक्क्याचं दूधही द्यायचं नसतं. त्यांच्यासाठी उपाय सोपा आहे आणि तोही मॅक अँड चीजवरच तपासलेला. फिशर, रोल्स आणि बर्च यांच्या २००३ च्या अभ्यासात बालवाडीच्या वयाच्या मुलांना वयाला साजेशा प्रमाणाच्या दुप्पट वाढलं तेव्हा त्यांनी तो पदार्थ २५ टक्के जास्त खाल्ला, आणि घासही मोठे घेतले. तेच दुप्पट प्रमाण त्यांना आपल्या हाताने वाढून घेऊ दिलं तेव्हा खाणं पुन्हा २५ टक्क्यांनी खाली आलं. मोठ्यांमध्ये हरवलेली जाणीव मुलांमध्ये थोडी शिल्लक असते. ती आपण घालवतो. ‘एवढा घास आईचा’, ‘ताटात टाकायचं नाही’, ‘संपवलंस तरच आइस्क्रीम’ या प्रेमाच्या आणि संस्कारांच्या गोष्टी आहेत हे मान्य. पण ज्या घरांत अन्न कमी पडत होतं त्या घरांत त्या शिकवल्या गेल्या. कॉस्टकोचं कार्ड असलेल्या घरात ‘टाकायचं नाही’ याचा अर्थ ‘जास्त शिजवायचं नाही’ असा घ्यायला हवा, आणि तो मोठ्यांनी पाळायचा. मुलाला लहान डाव द्या, त्याला वाढून घेऊ द्या, पुन्हा मागितलं तर द्या, आणि उरलं तर गप्प बसा. यांतलं शेवटचं सर्वांत अवघड आहे, विशेषतः आजी आलेली असेल तेव्हा.

आणि फ्लॉवर लपवायचा का? प्रयोगात लपवला होता कारण तो प्रयोग होता. घरात लपवू नये. कधी ना कधी मिक्सरचं भांडं मुलाच्या नजरेस पडतंच, आणि मग पिवळ्या रंगाच्या प्रत्येक गोष्टीकडे संशयाने पाहिलं जातं. ‘यात फ्लॉवर आहे, चीज आहे, मॅकरोनी आहे’ असं सांगून वाढा. त्यालाच चीज किसायला बसवा. घनता कमी होण्यासाठी फ्लॉवरला गुप्ततेची गरज नसते.

पास्ता शिजवून थंड करून पुन्हा गरम केला की त्याच्या कॅलरी निम्म्या होतात, असा एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरत असतो, म्हणून डबा भरायला सांगितला तेव्हा तो तुमच्या मनात आला असेल. थंड होताना थोडा स्टार्च पचायला अवघड अशा रूपात जातो हे खरं आहे. पण तो भाग लहान असतो. त्या भरवशावर दुसरी वाटी घेऊ नका. डबा फ्रीजमध्ये तीन दिवस चांगला राहतो. गरम करताना वर दोन चमचे दूध शिंपडा, झाकण अर्धवट ठेवा, मायक्रोवेव्ह निम्म्या पॉवरवर लावा आणि मध्ये एकदा ढवळा.